होल्डचा ट्रे

मकरपुरा जीआयडीसी. सकाळचे पावणेअकरा.
बोलावलं होतं दहाला.
बाकावर आम्ही सात जण,
त्यातल्या चौघांना मी ओळखतो.
मागच्या महिन्यात नंदेसरीला भेटलो,
त्याआधी हालोलला.
आता एकमेकांच्या मुलांची बारावी विचारतो,
लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातलगांसारखे,
फक्त इथे जेवण नसतं.

"शिरकेभाई, आवो ने."
नावाला भाई लागलं की
दारापासून खुर्चीपर्यंत वाटत राहतं,
घेतलंच यांनी.

आत तिघे. एक फोनमध्ये.
दुसरा माझा अर्ज आत्ता पहिल्यांदा वाचतोय,
ओठ हलतात त्याचे.
तिसरा विचारतो,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
साहेब, मी एक्कावन्नचा.
पाच वर्षांनी छपन्नचा पाहतो.
हे मनात.
तोंडाने म्हणालो, कंपनीबरोबर वाढताना.
मृणालने पाठ करून घेतलंय,
तिच्या कॉलेजात असंच शिकवतात म्हणे.

एखादा वीक पॉइंट?
दोन मायक्रॉनचा फरक असला तर मला झोप लागत नाही.
हसला तो.
लिहून मात्र घेतलं नाही.

बावीस वर्षं बेअरिंगच्या रिंगा तपासल्या.
हातात गेज: एक टोक गो, एक टोक नो-गो.
गो शिरलं पाहिजे, नो-गो अडलं पाहिजे.
बस.
त्याला शेठचा भाचा माहीत नाही,
वय विचारत नाही ते.
अडली रिंग, की लाल ठिपका
आणि सुतळीनं बांधलेली चिठ्ठी:
व्यास कमी, काठाला चरा, तारीख, सही.
कारण लिहिल्याशिवाय
एकही भंगारात टाकली नाही मी.
लोखंडाला तेवढा मान द्यावा लागतो.

कळवतो, म्हणाले.

आमच्याकडे तिसराही ट्रे असायचा, पिवळा.
होल्ड.
पास नाही, नापास नाही,
साहेब येऊन ठरवतील.
त्यात एक रिंग मी लागलो तेव्हापासूनची.
साहेब चार बदलले,
कुणी उचलून पाहिली नाही.
गेटला कुलूप लागलं त्या संध्याकाळी
ती मी खिशात टाकली.
आयुष्यातली एकुलती एक चोरी.
आजही होती. टेबलाखाली
अंगठा फिरत होता तिच्यातून
पाच वर्षांनंतरचं सांगताना.
परवा घरी मोजली. तीनदा मोजली.
मापात आहे.

बाहेर पाणी देताना राठवाकाका म्हणाले,
जागा तर दिवाळीलाच भरली.
ऑडिटवाल्यांना फायलीत नावं दिसायला हवीत,
म्हणून दर महिन्याला हा मेळा.
ती बघा, काचेपलीकडे,
तुमची खुर्ची.

खुर्चीत एक पोरगा.
मायक्रोमीटर आवळत होता
सुताराच्या शिकंज्यासारखा.
मी आत गेलो. कुणी अडवलं नाही,
फाइल हातात असली की कुणी अडवत नाही.
बेटा, मागे रॅचेट आहे, ते फिरव.
टिक टिक वाजलं की थांब.
जोर लावलास तर खोटं सांगतं ते.
त्यानं फिरवलं. वाजलं.
पुन्हा फिरवलं, नुसतंच ऐकायला.
नाव विचारलं नाही त्यानं, मीही नाही.
त्या सकाळचं काम म्हणावं असं तेवढंच झालं.

सुसेनच्या स्टॉपवर फोन वाजला.
वाघोडियाची कंपनी. सोमवारी या.
ओरिजिनल सगळे आणा, दोन फोटो आणा.
किती वाजता?
दहा.
म्हणजे पावणेअकरा.
येतो, म्हणालो.