उशाची बाजू

सोजरामावशीनं वाकळ आणली खताच्या धुतलेल्या पोत्यात,
बोरीपासून जिंतूरला एसटीत मांडीवर धरून.
"टाके घालून झालेत माझे. कड तेवढी मशीनवर घे.
बोटं ऐकंनात आता."

बाजेवर पसरली, खडूनं कड आखायला घेतली
तेव्हा कळलं, सरळ काही नाहीच हिच्यात.
एक बाजू दीड बोट जास्त. बोलले नाही.
कात्रीनं उतरवलं तेवढं, आणि त्या चिंध्या
मावशीनं गुपचूप पिशवीत कोंबल्या.

पट्टी काळ्या पॉपलीनची. चार बोटं रुंद,
मधून दुमडून इस्त्री फिरवलेली.
उरेब नाही कापली. सरळ कडेला उरेब कशाला,
उगं कापडाची नासाडी.

वाकळीचं वजन सुईला ओढतं.
म्हणून शेजारची नाजनीन समोर स्टुलावर बसली,
झोपलेलं लेकरू घ्यावं तशी वाकळ कवेत घेऊन.
ओढू नको. ढकलू पण नको.
नुसती सोडत राहा.

अठरा नंबरची सुई, मोठा टाका.
पहिली बाजू सरसर निघाली. दुसरीला मधेच
मशीन घुमली, अडली, सुईचं टोक तुटून आत.
"तिथं पँटीचा खिसा हाय," मावशी म्हणाली,
"बापूच्या. उसवला नव्हता मी."
का, ते विचारलं नाही.
चिमट्यानं टोक काढलं, नवी सुई घातली,
तेवढी जागा चाक हातानं फिरवत नेली,
टाक्यामागून टाका,
खिशाला जाग येऊ नये असा.

कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं.
हे क्लासच्या बाईंनी नाही शिकवलं,
तीन दुपटी बिघडवून माझं मी शिकले.
पट्टी तिरकी वर मुडपायची,
मग परत खाली, कडेला कड,
मगच सुई.
घाई केली की कोपरा बशीसारखा गोल होतो.

चौथ्या बाजूला लाईट गेली.
मोटारीचा पट्टा काढला, पाय लावले.
आणि वीतभर उरली असताना पट्टी संपली.

दोनदा मोजलं होतं. तरी.
दुकान मंगळवारचं बंद. उद्या ये म्हणाले,
तर मावशीला सव्वापाचची गाडी गाठायची.
तिनं माझ्या डब्यात हात घातला.
लाल निघालं. ब्लाउजमधून उरलेलं सॅटिन.
मावशी, वेगळं दिसंल ते.

"दिसू दे की. उशाकडं येतंय ना?
अंधारात बोटाला लागंल.
डोकं कुठं अन् पाय कुठं,
घरात एवढं तरी ठरलेलं असावं."

तिरका जोड दिला. पट्टी पाठीकडून पुढं वळवून
वरून शेवटची शिलाई फिरवली.
नाजनीननं पाय झटकले, मुंग्या आल्या म्हणाली.

पोत्याचं तोंड बांधायच्या आधी
मावशीनं आत हात घालून
न बघता ते लाल शोधलं. सापडलं.

शंभर ठरले होते. नव्वद दिले.
चिंधीचे दहा तिनं वळते करून घेतले.