समाईक

आधी मी प्रत्येक बोलीला वेगळं घर दिलं होतं:
मराठीच्या फोल्डरात चारोळीचा फोटो,
गोंडीच्या फोल्डरात तोच,
छत्तीसगढीतही तोच, फक्त नाव
चार-शेवटचा-दोन,
कारण ते मनिरामनं घाईत टंकलं होतं.

कोरचीच्या पुढं, बेलारटोल्याच्या ग्रामसभेची ही वेबसाइट
इतकी साधी की पेनड्राइव्हवर मावते.
मागं यंत्र नाही, आकडेमोड नाही.
जसं लिहाल तसं पान, मातीच्या भिंतीसारखं,
बदलायचं तर पुन्हा सारवायचं.
एका फोटोचे तीन झाले
की टॉवरची एकच काडी दिसत असताना
चढवायला रात्र जाते.
तरी तसंच ठेवलं. वाटलं, हाच न्याय.

मग वैशाखात भाव बदलला.
समाजमंदिराच्या भिंतीवर पेंटर झिटूनं
चारोळीच्या बीपुढचा एकशे दहा पुसून
एकशे पस्तीस केला.
मी फोटो काढला, मराठीच्या पानावर लावला
आणि लाइट गेली.

चौथ्या दिवशी दसरी नैताम आली.
बारा किलो बी तिनं जुन्या भावात देऊन टाकली होती.
व्यापाऱ्यानं तिला तिच्याच बोलीचं पान दाखवलं:
भिंत जुनी, आकडा जुना,
खाली आमच्याच ग्रामसभेचा शिक्का.
ती भांडली नाही. उंबऱ्यात बसली, म्हणाली,
"बोली बदलली का भाव बदलते का, बाबू?"

बारा गुणिले पंचवीस. तीनशे.
हा हिशेब मी अजून कुठल्याच पानावर लिहिलेला नाही.

त्या रात्री नवं फोल्डर केलं.
नाव दिलं समाईक,
सातबाऱ्यावर विहिरीपुढं लिहितात तसं.
सगळे फोटो तिथं नेले, दुबार पुसले,
तिन्ही बोलींच्या पानांना सांगितलं:
दोरी ज्याची त्याची, पाणी इथून.
सांगून काय होतं.
जुन्या पत्त्यावर कोणी राहत नव्हतं,
पान उघडलं की नुसत्या चौकटी,
तेंदूची फळी नाही, वजनकाटा नाही.
कोंबडा आरवेपर्यंत पत्ते दुरुस्त करत होतो,
एकेक तिरकी रेघ.

झिटूला म्हटलं, फलकावर अक्षरं नको.
फळ काढ, आकडा काढ.
अक्षर आलं की फोटो एकाच घरचा होतो.
"मंग हिरडा न् बेहडा ओयखाचा कसा?"
असं म्हणून त्यानं तीन दिवस लावले
आणि हिरड्याला पाच कंगोरे काढले, मोजून.

फोटोखालची ओळ मात्र जिची तिची.
मोहाला मराठीत मी लिहिलं: मोहफूल, वाळवलेलं.
मनिरामनं त्याहून कमी.
दसरीबाई बोलत गेली, तिचा नातू टंकत गेला,
त्याच फोटोला गोंडीत सात ओळी झाल्या:
कोणत्या झाडाखालचं, आधी कोण उठलं,
अस्वल कोणत्या बाजूनं आलं.
पान लांबलं. कापलं नाही.

मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं.
पेनठाण्याचा फोटो.
सगळ्यांसोबत तोही समाईकात गेला होता,
माझ्याच हातून, न विचारता.
"हा समाईक नाही होय."

एकदाच पुसला, तिन्हीकडून गेला.
इतकं सोपं झालं होतं आता
की मला जरा भीतीच वाटली.
मराठीतली ओळ काढली, छत्तीसगढीतली काढली.
गोंडीतली तिनं राहू दे म्हटलं.

फोटो सापडला नाही की अशी पानं
त्याच्या जागी शब्द दाखवतात.
तिथं आता एक रिकामी चौकट आहे
आणि आत तिची ओळ.
मला ती अर्धीच कळते.