तांब्याची वही

अण्णा हंडा मठारायला बसले
की तांबट आळीत दुपारची झोप कुणाला लागत नसे.
ठोक्यांच्या मध्ये म्हणायचे,
तांबं कुणाचं वाईट करत नाही, पोरी.
म्हणून जायफळच्या पाण्याला मी
त्यांच्याच हातचं घंगाळ ठेवलं होतं,
दर शनिवारी चिंच लावून घासलेलं.

जायफळ. चॉकलेटी लॅब्राडॉर, सहा वर्षांची,
दोन वेतांची आई.
पिल्लं कुठे कुठे गेली, वहीत आहे सगळं:
देवळाली कॅम्प, ओझर, सिन्नरला दोन,
एक पार कळवणला, कांद्याच्या चाळीवर राखणीला.
प्रत्येकापुढे रक्कम, आणि आईबापांची नावं
तीन पिढ्यांपर्यंत, शाईने.
मला वाटायचं, झाली आपली जबाबदारी.

मग ती ताट हुंगून मागे फिरू लागली.
भद्रकालीतले इद्रिसभाई तिच्यासाठी काळीज बाजूला काढायचे.
(कवी काळीज म्हणतात तेव्हा छातीवर हात ठेवतात.
खाटकाला माहीत असतं ते कुठे असतं.)
त्यालाही तोंड लावेना.
पाणी मात्र घटाघटा, घंगाळ रितं होईपर्यंत.
एका सकाळी तिच्या हिरड्यांवर
हळद दिसली.

डॉक्टर कापडणीसांनी यकृताचा
तांदळाएवढा तुकडा काढून पुण्याला पाठवला.
अकरा दिवसांनी म्हणाले, "तांबं."
मी हसले. खरंच हसले.
"बाकीच्या कुत्र्यांचं यकृत जास्तीचं तांबं
पित्तातून टाकून देतं. हिचं साठवत बसतं.
भांडं बदला, काळीज बंद करा,
पण दोष भांड्याचा नाही.
हे जन्माच्या आधीचं आहे."

जन्माच्या आधीचं.
म्हणजे माझ्या वहीतलं.

वहीत डोक्याची ठेवण होती, शेपटीची जाडी,
शोमधला तिसरा नंबर, रिबिनीसकट.
आमच्याकडे मुलगी द्यायची तर
नाडी एक आली तरी स्थळ मोडतात,
आणि जायफळच्या आईला मी
तिच्या सख्ख्या मामाकडे दिली होती,
रंग पक्का यावा म्हणून.
आला. पक्का आला.
कोण कशाने मेलं, ते मात्र
एकाही नावापुढे लिहिलेलं नव्हतं.

फोन करायला घेतले.
ओझरच्या खैरनारांनी मध्येच कापला.
सिन्नरच्या बाई म्हणाल्या, पैसे परत देणार का?
देईन म्हटलं.
देवळालीचे सुभेदार बराच वेळ गप्प, मग,
"तपासायला कुठे न्यायचं तेवढं सांगा."
कळवणचा लागलाच नाही.
रविवारी एसटीने गेले.
पोरगा उड्या मारत अंगावर आला, ओळख नसताना.
फासळ्यांखाली हात धरून उभी राहिले.
हाताला काय कळणार होतं?

घरी ठेवलेला तिचा मुलगा, भैरू.
गंगापूर रोडवरून मागणी होती त्याला,
बंगला, मादी, आगाऊ रक्कम.
गालाच्या आतून काडी फिरवून पाठवली होती.
निकाल वाचला, रक्कम परत केली,
आणि बुधवारी त्याला टाके घालून आणलं.
शेजारच्या गायधनीकाकू म्हणाल्या,
एवढा देखणा, वंश बुडवलास की गं.
मी त्याच्या गळ्यातला कोन सरळ करत राहिले.

रात्री आठवलं.
अण्णा कल्हई केल्याशिवाय
तांब्यात ताक ठेवू देत नसत कुणाला.
आईवर एकदा भांडं आपटलं होतं त्यावरून.
वाक्य त्यांचं पूर्ण होतं.
मीच अर्धं लक्षात ठेवलं.

घंगाळ आता माळ्यावर.
जायफळ स्टीलच्या वाडग्यातून पिते,
गोळी खिमटीत लपवली तरी शोधून थुंकते,
मग माझ्याकडे बघून
पुन्हा उचलते.
वहीत नवा रकाना आखलाय,
पट्टी न लावता. जरा तिरका गेलाय.