खिडकीतलं बिऱ्हाड

मार्चपासून आमच्या स्वयंपाकघरात
भर दुपारी दिवा लावावा लागायचा.
खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रिजवर, रेडिओच्या डोक्यावरसुद्धा
केफिरच्या कापलेल्या खोक्यांत टोमॅटोची रोपं.
सत्तेचाळीस.
मी कुरकुरायचो, विझ्मा, ताटात काय वाढलंयस ते तरी दिसू दे.
ती म्हणायची, चव लागतेय ना? मग झालं.

नऊ मेला फ्रिजवरचं खोकं उतरवताना
ती स्टुलावरून पडली. मांडीचं हाड.
खोकं मात्र तिनं सरळ धरलेलं.
रुग्णवाहिकेतल्या पोराला म्हणाली, हे आधी आत ठेव,
याला अजून वाऱ्याची सवय नाही.

अशी ही लावणी माझ्या अंगावर आली.
चाळीस वर्षांत त्या बागेत मी
कुंपणाचे खिळे तेवढे ठोकलेत.

आधी बाल्कनीतली तालीम.
पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन,
सावलीतून कवडशात, कवडशातून उन्हात.
तिकडे तिलाही रोज दहा पावलं जास्त चालवत होते.
पानं कशी आहेत? ती विचारायची.
पाय कसा आहे? मी विचारायचो.
बरं आहे, असं दोघंही म्हणायचो,
आणि फोन ठेवायला दोघांनाही उशीर व्हायचा.

दोन जूनला आउस्माची गाडी मागून घेतली.
वाल्मिएराच्या बाहेर पडेपर्यंत मागे रांग लागली,
कुणी हॉर्न वाजवला, कुणी शिवी घातली.
मी आरशात पाहिलं :
मागच्या सीटवर सगळी एकदम माना डोलावत होती.

खालची पानं खुड, ती फोनवरून सांगत होती.
मानेपर्यंत पुर. विहिरीचं पाणी तसंच ओतू नकोस, उन्हात तापू दे.
आणि खोडाला धरू नकोस, इल्गवार्स, पानाला धर.
पान पुन्हा येतं.

खोकं फाडलं की मुळं बाहेर,
पांढरी, दाट, चौकोन पाठ केलेली.
मोकळ्या मातीत ठेवली तरी कोपरे सोडायला तयार नाहीत.

प्रत्येकात आइस्क्रीमची काडी, तिच्या अक्षरात.
जिच्याकडून बी आलं तिचं नाव.
पोस्टातली स्काइद्रीते.
दातांचा डॉक्टर, पिवळा.
गाउयाकाठची म्हातारी, नाव विचारायचं राहिलं.
बैलाचं काळीज, हे मात्र जातीचंच नाव, पाच रोपं.
आणि एका काडीवर नुसतं : इ.

ते मी भिंतीलगत लावलं, दक्षिणेच्या उन्हात.
खत थोडं जास्त पडलं असेल.
संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं.
ती इनेसेची, विझ्मा म्हणाली, रक्ततपासणीवाली.
आंबट असतात.
मग जरा थांबून, तू मला कधी बी दिलंस?

रात्री अकराला पुन्हा फोन, दबक्या आवाजात,
नर्सला चुकवून.
आभाळ कसं आहे?
स्वच्छ.
मग चादरी काढ.

जूनमधली आमची रात्र तशी नावालाच असते,
तेवढ्यातही गारठ्याला पुरते.
चादरी घातल्या, टेबलक्लॉथ, तिचा गाऊन,
बादल्या, जुनी वर्तमानपत्रं, वर दगड.
सेहेचाळीस झाली.
भिंतीलगतच्या त्या आंबट इनेसेवर
मी डोक्यावरची टोपी काढून ठेवली
आणि पहाटेपर्यंत कान चोळत बसलो.

सकाळी गवत पांढरं, वाफ्याच्या कडेपर्यंत.
टोपी कडक झालेली. खाली ते जिवंत,
एका पानाचं टोक तेवढं काळं.
बैलाची दोन काळजं गेली.
ते मी तिला सांगितलं नाही. पंचेचाळीस, एवढंच म्हणालो.
वजाबाकी तिला येते.

घरी आलो तर स्वयंपाकघरात इतका उजेड
की दारातच थबकलो.
कट्ट्यावर ओळीनं चौकोनी डाग.
चहाचा कप एका डागावर ठेवला,
मग उचलून दुसऱ्यावर.