मडगार्ड

सयाजीबागेच्या फाटकाशी मगर बसवलीय:
पत्र्याची, सायकलच्या चेनींची,
आणि खालच्या जबड्यात आपल्या लुनाचं मडगार्ड.

पोचा ओळखला मी.
रावपुऱ्याच्या वळणावर गाईला चुकवताना आलेला.
घरी येऊन एवढंच म्हणालात,
"गाय बरी आहे."

तुमच्यामागे मीच दिली, किलोवर.
काटा खोटा होता. भांडले नाही.

हेतल नावाची पोरगी, हिनंच घडवलीय ती,
सांगत होती, पुरात विश्वामित्री इथवर आली
तेव्हा एक खरी मगर
रात्रभर हिच्या कुशीला पडून होती.
असेल. नसेल.

पदरानं गंज पुसायला गेले,
तर बोट पोच्यात नेमकं बसलं.

"माजी, चावेल हं!" रखवालदार हसला.

म्हटलं, चावायचं सोड,
हिचा ब्रेक लागत नाही.
उतारावर ठेवलीत, तेवढं बघा.