कानातला दगड

सोमवार ते शुक्रवार मी कॉड माशांचं वय सांगते.
डोकं चिरायचं, चिमट्यानं कानातला दगड काढायचा,
वालाच्या दाण्याएवढा, पांढरा,
राळेत बसवून कागदासारखा पातळ कापायचा
आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडी मोजायची.
रुंद पांढुरकं म्हणजे उन्हाळा.
बारीक काळसर म्हणजे हिवाळा.
काल सकाळचा मासा अकरा वर्षांचा निघाला.
चौथ्या वर्षी त्याची उपासमार झाली होती.

शनिवारी दुसरी काच.
पंच्याऐंशी मिलिमीटर, रशियन, हातात घेतली की मनगट वाकतं.
क्लाक्सविकच्या बंदरात एक ट्रॉलर दुरुस्तीला अडकला होता,
तेव्हा कुणा खलाशानं दोन बाटल्यांच्या बदल्यात
माझ्या मामाला दिलेली.
थंडीत तिची फोकसची कडी काकवीतून फिरावी तशी फिरते.
आतल्या भिंगाच्या काठावर बुरशीचं बारीक जाळं आहे.
कोपनहेगनचा कारागीर म्हणाला, पुसून देतो, पण वरचा लेपही जाईल.
म्हटलं, राहू दे.
आमच्या बेटांवर बुरशी न लागलेलं आहे तरी काय?

संस्थेतला राग्नर म्हणतो, नवा कॅमेरा घे,
तो आपणहून डोळा शोधतो.
मी नाक मुरडते,
आणि रात्री अंथरुणात त्याच कॅमेऱ्याच्या किमती बघत पडते.
खोटं कशाला सांगू.

आज आब्सलोन बसला होता,
जाळी विणायच्या शेडमध्ये, उत्तरेच्या खिडकीशी.
एक्क्याऐंशी वर्षं, लोकरीचा स्वेटर, उजव्या कानात यंत्र.
बाहेर नोव्हेंबर, म्हणजे उजेड उधारीवरचा.
मी भिंग पुरतं उघडलं. एक पंधरांश सेकंद.
अशा वेळी नीट दिसणारी खोली
बोटाच्या पेराएवढीच उरते,
त्याच्या पुढेमागे सगळं धुकं.
"माशाचं वय सांगायला तू त्याला मारतेस," तो म्हणाला,
"माझं काय करणार आहेस?"
मी म्हटलं, हलू नकोस.
त्याला ऐकू आलं नाही. तो हसला, आणि हलला.

न्हाणीघरात फिल्म धुतली, रात्री प्रत काढली.
डोळे गेलेले. नाक गेलेलं.
नेमका कान तेवढा लख्ख:
पाळीची चुणी, कडेवरचे पांढरे केस,
वरच्या टोकाला एक खाच, कुणी चावा घ्यावा तशी.
बाकी आब्सलोन त्या कानामागे विरघळत चाललेला.
फाडणार होते.
पण ज्याचा फोटो, त्याला दाखवल्याशिवाय
फाडायचा नाही, हा माझा एकमेव नियम.

रविवारी त्यानं तो खिडकीशी नेला,
चष्मा चढवला, उतरवला.
"हा शूर्दुर," म्हणाला.
मला वाटलं, नाव चुकलं असेल, वय झालंय.
"आम्ही दोघं जन्मलो ते ही खाच घेऊन.
आई अंधारात कान चाचपून सांगायची, आपलाच आहे,
पण कुठला ते नाही सांगता यायचं तिला."
शूर्दुरचा एकच फोटो आहे घरात.
बोटीवरचा, टोपी कानांवर ओढलेला.
बोट त्याच हिवाळ्यात गेली.
कुठला हिवाळा, ते मी विचारलं नाही.
एरवी माझं पोट त्याच प्रश्नावर चालतं.

"आणखी एक प्रत काढ," तो म्हणाला, "मारिनसाठी."

मारिन चढावरच्या हिरव्या घरात राहते.
मी पाकीट घेऊन गेले.
तिनं पिठाचे हात पुसले, आत ये म्हटलं नाही.
फोटो दारातच उघडला.
बराच वेळ बघितला, आब्सलोनला ओळखून मान हलवली.
मग अंगठा ठेवला त्याच्या धूसर चेहऱ्यावर,
डोळे झाकले, तोंड झाकलं,
फक्त कान उघडा ठेवला,
आणि तशीच उभी राहिली,
मागे चुलीवर काहीतरी करपत असताना.