पट्टीवरचे आकडे

परवा गवत उलटवताना यंत्राचे दोन दात उडाले.
एक कुंपणापलीकडच्या बर्चमध्ये रुतला,
दुसरा अजून सापडलेला नाही.

पट्टी पाचशेचाळीसवरच होती. मी दोनदा पाहिली.
खरं तर ती हजारवर होती, गेली कित्येक वर्षं,
बाबा गेल्यापासून कुणी हातच लावला नव्हता.
मीच ट्रॅक्टरखाली सरपटत गेले,
सतरा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल केला
आणि शहाण्यासारखी ती पाचशेचाळीसवर आणली.
मग मागचा शाफ्ट असा सुटला
की मला सीटवरून उतरायलाही धीर होईना.

एंडेल संध्याकाळी आला, म्हणजे नऊला.
जूनमध्ये आमच्या व्होरूच्या टेकड्यांवर
संध्याकाळ येते आणि जायचं नावच घेत नाही.
त्र्याऐंशी वय. सायकलच्या हँडलला
पान्यांची पिशवी, वाटभर खणखणत.
सामुदायिक शेत होतं तेव्हा
चौदा बेलारूस त्याच्या हाताखाली होते.
आता हा एकच, आणि तोही माझा.

क्लच सुटतो का? सुटतो.
ब्रेकचे पट्टे? गेल्या वर्षी कसले.
शाफ्टला खाचा किती?
मोजल्या. सहा.
मग शाफ्ट खरं बोलतोय, तो म्हणाला,
पाणी दुसरीकडे कुठेतरी मुरतंय.

त्याने शाफ्टवर खडूने एक रेघ ओढली.
पुढे इंजिनाच्या नटाला लांब पाना लावला,
म्हणाला, फिरव. हळू. मोठ्याने मोज.
कॉम्प्रेशन केव्हाच म्हातारं झालेलं,
तरी माझे खांदे भरून आले.
चार फेऱ्यांनी मागे एक व्हायला हवा.
मी "दोन" म्हणाले
आणि मागून आवाज आला, थांब.
रेघ परत वर आली होती.

मग तो खाली गेला, पाठीखाली खताचं रिकामं पोतं घेऊन.
टॉर्च हलली, थांबली.
बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते,
डाव्याचा तळ सायकलच्या ट्यूबने शिवलेला.
काय आहे, मी विचारलं.
बूट काही बोलले नाहीत.

बाहेर आला तेव्हा टोपीने हात पुसत होता,
हात नाही, टोपीच मळत होती.
चहा आहे का? आहे.
काळी ब्रेड? तीही आहे.
साखर? एंडेल, मी म्हणाले,
ताकाला येऊन भांडं लपवू नका.

पट्टी उलटी बसवलीय, तो म्हणाला.
चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी, उणे सत्तावीस,
बोटांना काही कळत नव्हतं.
बाजूला पंचाने तीन ठिपके आहेत.
ते ठिपके माझे.

तेव्हापासून बाबा हजार वाचून पाचशेचाळीस चालवत राहिले.
आणि दर शनिवारी या माणसासोबत
सौनाच्या एकाच फळीवर बसले,
पाठीला पाठ चोळली, हवामानावर भांडले,
एकदा बटाट्यांवरून महिनाभर अबोलाही धरला.
पट्टीचं नाव काढलं नाही.
मलाही सांगितलं नाही.
ते मात्र सांगायला हवं होतं, बाबा.

सरळ करू या का, मी विचारलं.
सगळं तेल उतरवावं लागेल, एंडेल म्हणाला,
नवं गॅस्केट लागेल, आणि गवत तर आडवं पडलंय.
मी घरातून नेलपॉलिश आणलं, लाल,
खाली आडवी होऊन दोन्ही आकडे खोडले
आणि शेजारी खरे लिहिले. हजारातलं एक शून्य ओघळलं.
पट्टी फिरवली. पाना. खडू. एक, दोन, तीन, चार,
मागे एक.

सकाळी साडेपाचला मी यंत्र जोडायला गेले
तर कुरणाच्या वरच्या कडेला सायकल आडवी पडलेली.
एंडेल दवातून चालत होता, अगदी हळू,
हातात दोरी, दोरीला स्पीकरमधला गोल लोहचुंबक,
गवतात इकडून तिकडे फिरवत.
गाय खाईल, त्याने लांबूनच ओरडून सांगितलं,
तू खालच्या अंगाने सुरू कर.